नाईव्ह म्हणायचं नाही

शब्दसूचीत डावीकडे इंग्रजी शब्द होते आणि उजवीकडे कोरियन. वर ठळक अक्षरांत मथळा होता : इंग्रजी शिकणाऱ्या कोरियन लोकांसाठी चित्रशैली आणि कलाप्रवाह. आमच्या गटाच्या आंटींनी ती कुठल्यातरी वेबसाइटवरून छापून आणली होती. कागद माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, "तुला ड्रॉइंग येतं ना? मग हे तू शिकव. कॅन, लाह." सिंगापुरात वाक्याच्या शेवटी लाह लावतात, आपल्या 'ना'सारखं.

गट म्हणजे बुकित बातोक या उपनगराच्या कम्युनिटी क्लबात दर बुधवारी सकाळी भरणारा इंग्रजी संभाषणाचा वर्ग. शिकवणारे सगळे हौशी आणि शिकायला येणाऱ्या बहुतेक जणी नवऱ्यांच्या मागे परदेशातून आलेल्या बायका. मीही तशीच आलेली. पुण्यात मी शाळेत चित्रकलेची बाई होते. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा, बाकावर सांडलेलं रंगाचं पाणी, पोरांचा गोंगाट आणि त्यावर माझा आवाज, यात माझं छान चाललं होतं. मग नवऱ्याला इथे आयटीत मोठी जागा मिळाली आणि माझ्या हातात राहण्याचा एक पास आला, ज्याचं नावच डिपेंडंट. त्या शब्दाचा मला पहिल्या दिवसापासून संताप आहे. कॉलेज संपल्यापासून मी कुणाच्या जिवावर राहिले नव्हते आणि इथे एका कार्डानं परस्पर ठरवून टाकलं की मी राहते. घरात बसून धुसफुसण्यापेक्षा बरं म्हणून मी गटात जायला लागले.

आंटी सत्तरीच्या पुढच्या. आयुष्यभर एका ऑफिसात सेक्रेटरी होत्या, त्यामुळे सगळं जागच्या जागी हवं. खुर्च्या, कप, माणसंसुद्धा. मनानं चांगल्या, पण बोलताना समोरच्याला कुठे लागेल याचा पत्ता नसायचा. माझी ओळख करून देताना त्या म्हणाल्या, "शी इज इंडियन, बट हर इंग्लिश व्हेरी गुड." तो 'बट' ऐकून माझं पित्त खवळलं. मी तिथल्या तिथे म्हटलं, "आंटी, त्यातला बट काढा." त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी अजिबात गंमत करत नव्हते.

समोर बसलेल्या कोरियन बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मान किंचित झुकवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचं वय काय?"

पुण्यात कुणी पहिल्या भेटीत असं विचारलं असतं तर मी "तुम्हाला काय करायचंय" म्हणून मोकळी झाले असते. पण त्यांनी लगेच समजावलं. कोरियनमध्ये समोरचं माणूस मोठं की लहान हे कळल्याशिवाय धड वाक्यच सुरू करता येत नाही. वय सांगितलं. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या निघाल्या. मी म्हटलं, "मग आमच्याकडच्या रीतीनं तुम्ही ताई." त्यांनी तो शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला, आवडल्यासारखा. मी वयानं लहान असले तरी शिकवणारी, तेव्हा त्या मला टीचर म्हणणार, हेही त्यांनीच ठरवलं. मोडक्या इंग्रजीत आमचं सगळं ठरलं. आमचं पुढचं सगळं बोलणंही तसल्याच इंग्रजीत झालं, इथे ते मी मराठीत लिहितेय.

ताईंचे यजमान जहाजबांधणीतले इंजिनियर, राहायला सेम्बावांगला. गावी असताना ताई वीसएक बायकांना चित्रकला शिकवायच्या. कोरियात मिनह्वा म्हणून चित्रांची एक जुनी परंपरा आहे, साध्यासुध्या घरांतल्या भिंतींवर आणि पडद्यांवर असायची ती चित्रं. त्यांची हयात त्यात गेलेली. इथे आल्यावर त्यांच्या यजमानांच्या ऑफिसातल्या बायका त्यांना गोल्फला घेऊन गेल्या. एकदा जाऊन आल्यावर ताई पुन्हा गेल्या नाहीत. शहरातल्या एका चित्रसंग्रहालयात लोकांना चित्रं समजावून सांगणारे स्वयंसेवक घेतात, हे त्यांना कळलं. अर्ज केला, प्रशिक्षण घेतलं. शेवटी निवड समितीपुढे एका चित्रावर इंग्रजीत बोलायचं असतं. तिथे त्या आदल्या वर्षी नापास झाल्या होत्या.

कशा, ते त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचे कान लाल झाले. कोरियन शाळेत लहानपणापासून पाठ करायची सवय. त्यांनी संपूर्ण भाषण पाठ केलं होतं, कुठे थांबायचं, कुठे हात दाखवायचा, सगळं. मध्येच समितीतल्या एकानं काहीतरी साधं विचारलं. ताईंना उत्तर येत होतं, पण ते भाषणाच्या चौथ्या परिच्छेदात होतं आणि तिथवर पोचायला पहिल्यापासूनच म्हणावं लागलं असतं. म्हणून त्यांनी पुन्हा "गुड मॉर्निंग एव्हरीवन"पासून सुरुवात केली. समितीनं गोड शब्दांत सांगितलं, भाषेवर काम करा.

"टीचर, इथे मला तोंड नाही," ताई म्हणाल्या. "बाजारात बोट दाखवते. डॉक्टरकडे बोट दाखवते. एकदा तरी चित्राबद्दल मला माझ्या तोंडानं बोलायचंय."

मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त चीड आली. इतकी वर्षं शिकवलेली बाई बोट दाखवत फिरते म्हणजे काय! मी मनाशी म्हटलं, या वेळी ही बाई आत जाणारच.

पाठांतर मी पहिल्या दिवशी बंद केलं. शब्दसूचीतले अर्थ वाचूच दिले नाहीत. क्लबाखालच्या हॉकर सेंटरवरून, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांवरून, कोपीचा, इथल्या कॉफीचा, एक कप आणला, जाड चिनी मातीचा, हिरवी फुलं असलेला, आणि म्हटलं, "ताई, आता हा कप प्रत्येक शब्दात काढायचा." इम्प्रेशनिझमचा कप, म्हणजे कपापेक्षा त्यावरच्या उन्हाचा. फॉव्हिझमचा कप भडक लाल आणि त्याची सावली हिरवी. सर्रिअलिझममध्ये ताईंनी कपाच्या कानातून एक जिना काढला, तो थेट छतापर्यंत. क्युबिझमला कपाचे तुकडे करून बूड, कान आणि काठ एकाच वेळी समोरून दाखवले. काढून झालं की काय केलं ते बोलायचं. हात चालू असला की ताईंची जीभही चालायची, हे मी शाळेतल्या बुजऱ्या पोरांवरून ओळखून होते.

गंमत म्हणजे आम्हा दोघींना हे सगळे शब्द आपापल्या भाषेत आधीच येत होते. मी म्हणायची घनवाद, त्या म्हणायच्या इप्चेपा. मी दृक्प्रत्ययवाद, त्या इन्सांगपा. फॉव्हिझमला आम्ही रंगभारवाद म्हणतो, त्यांच्याकडे त्याचं नाव रानटी जनावरांची टोळी अशा अर्थाचं आहे, ते मला आमच्या नावापेक्षा आवडलं. दोघी शिकलेल्या, दोघी शिकवणाऱ्या, आणि शेजारच्या टेबलावरची स्वयंसेविका आमच्याकडे बघून मोठ्यानं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून "गु-ड जॉ-ब" म्हणायची. मी तिच्याकडे असं बघायची की ती पुढच्या बुधवारी टेबल बदलून बसली.

सूचीच्या तळाशी आलो तेव्हा घोळ झाला. तिथे इंग्रजीत लिहिलं होतं : नाईव्ह आर्ट. पुढे अर्थ : न शिकलेल्या माणसानं काढलेली, भोळी, लहान मुलासारखी चित्रं. आणि त्याच्यासमोर कोरियन रकान्यात एकच शब्द. ताईंनी तो वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"काय लिहिलंय?"

"मिनह्वा," ताई म्हणाल्या. त्यापुढे त्या दिवशी त्यांनी एकही कप काढला नाही.

पुढच्या बुधवारी त्या सेम्बावांगहून एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, एक लांब नळकांडं घेऊन आल्या. आत त्यांनी स्वतः केलेलं चित्र होतं. जुन्या चित्राचा आराखडा खाली ठेवून वर पातळ कागदावर ते पुन्हा उतरवायचं आणि रंगवायचं, अशी मिनह्वाची रीत. एकावर एक रचलेली पुस्तकं, पुस्तकांच्या पेट्या, ब्रशांचा पेला, चष्मा, एक फोडलेलं डाळिंब. अशा चित्रांना चेक्कोरी म्हणतात. आधी ती राजवाड्यात असायची, मग साध्या घरांतूनही लोक ती लावायला लागले. घरात पुस्तकं नसली तरी पुस्तकांचं चित्र हवं, पोरांनी शिकावं म्हणून. समितीपुढे कुठलंही चित्र घेऊन बोलायची मुभा होती. ताईंनी हेच निवडलं होतं.

चित्र देखणं होतं. पण माझ्यातली चित्रकलेची बाई गप्प बसेना. पुस्तकांच्या पेट्या मागे जाताना निमुळत्या व्हायच्या सोडून रुंद होत गेल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, इथे यथादर्शन चुकलंय. मागची बाजू लहान हवी."

"चुकलं नाही," ताई शांतपणे म्हणाल्या. "टीचर, तुम्ही कुठे उभ्या आहात?"

"चित्रासमोर."

"चित्रकार समोर नाही. चित्रकार पुस्तकांच्या मागे आहे. तुम्ही पुस्तकांकडे बघत नाही. पुस्तकं तुमच्याकडे बघतात."

मी परत चित्राकडे पाहिलं. सगळ्या पेट्या खरंच आतून बाहेर, माझ्या दिशेनं रोखलेल्या होत्या. कॉलेजात असताना मी एकदा जुन्या पोथीतल्या चित्रांसारखा चौरंग काढला होता, मागची कड पुढच्या कडेपेक्षा लांब. सरांनी त्यावर लाल पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या आणि वर्गाला सांगितलं, आपल्या जुन्या लोकांना यथादर्शन कळत नव्हतं. मी उभी राहून म्हटलं होतं, कळत नसेल कशावरून, नको असेल. वर्ग हसला. त्या विषयात मला मार्क कमी पडले आणि ते मी आजवर अभिमानानं सांगते. पण त्यापुढे मला काही सांगता आलं नव्हतं. ते कसं सांगायचं, हे या बाईला ठाऊक होतं.

त्या दिवसापासून आमचं एक ठरलं. काहीही झालं तरी नाईव्ह म्हणायचं नाही.

भाषणाचे मुद्दे समितीला आधी पाठवायचे होते. आंटींनी ते मागून घेतले, चष्मा लावला आणि टाइप करताना दुरुस्त केले. मिनह्वा शब्द खोडून त्यांनी तिथे 'नाईव्ह स्टाइल कोरियन पेंटिंग' घातलं. मी तणतणत गेले.

"आंटी, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"लिस्टमध्ये आहे, लाह. लिस्ट कोरियन लोकांसाठीच आहे."

"लिस्ट चुकीची आहे."

"तू ड्रॉइंग टीचर. तू लिस्टपेक्षा मोठी झालीस?"

"या बाबतीत ताई मोठ्या आहेत. त्यांचं चित्र आहे."

आंटींनी मान हलवली, पुटपुटत शब्द परत बदलला, आणि "नंतर माझ्याकडे रडत येऊ नका" एवढं ऐकवलंच. वर हेही म्हणाल्या, की शेवटचे दोन आठवडे ताईंना कुणी नेटिव्ह स्पीकर मिळाला तर बरं, उच्चार सुधारतील. हे त्या माझ्या तोंडावर म्हणाल्या! मी काही उत्तर द्यायच्या आत ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मला टीचर आहे."

उच्चारांचं म्हणाल तर आंटींचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. ताई एकदा सरावाला आमच्या फ्लॅटवर आल्या होत्या. माझी मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं, पाच मिनिटं ऐकलं आणि फिसकन हसली. "आई, शी टॉक्स लाइक यू, लाह! एक्झॅक्टली!" खरंच की. ताई 'ॲक्च्युअली' माझ्यासारखं म्हणत होत्या, 'लाइक दॅट ओन्ली' म्हणत होत्या, आणि मुद्दा ठासून सांगताना माझ्यासारखी तर्जनी हलवत होत्या. सेम्बावांगच्या कोरियन बाईच्या तोंडून सदाशिव पेठेतलं इंग्रजी बाहेर पडत होतं. मुलगी म्हणाली, "चेंज केलं पाहिजे, आई, दे विल लाफ." मी म्हटलं, "हसू देत. हसून झालं की ऐकतील." तिला शिऱ्याची वाटी दिली आणि खोलीत पिटाळलं.

समितीचा दिवस उजाडला. आम्हाला बघायला बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. आंटी इस्त्रीचा ब्लाउज घालून आल्या होत्या. परीक्षा जणू माझीच होती. समितीत तिघं होते, दोन बायका आणि मधोमध एक गृहस्थ, मऊ आवाजाचे, सतत हसरे. ताईंनी चित्र उलगडलं, कडांवर वजनं ठेवली आणि बोलायला लागल्या.

छान बोलल्या. पाठ केलेलं नव्हतं, ते ऐकताच कळत होतं. वाक्यं तुटत होती, क्रियापदं हरवत होती, पण त्या थांबून चित्राकडे बघायच्या आणि पुढचं वाक्य तिथून उचलायच्या. पुस्तकं तुमच्याकडे बघतात, हे त्यांनी सांगितलं तेव्हा कडेची बाई खुर्चीत पुढे सरकली. तीच मग हसून म्हणाली, "तुमची बोलण्याची ढब... टीचर इंडियन आहेत का?"

"हो," ताई म्हणाल्या. "माझ्या टीचर इंडियन आहेत. खूप चांगल्या टीचर आहेत."

दोन वाक्यं, आणि मध्ये 'पण' नाही. माझे डोळे भरून आले आणि मी ते आंटींपासून लपवले नाहीत.

मग मधले गृहस्थ बोलले. चित्र फारच सुंदर आहे, म्हणाले. फक्त आमच्या मार्गदर्शिकेत अशा चित्रांना नाईव्ह आर्ट म्हटलंय. येणाऱ्या लोकांना ओळखीचा शब्द दिला की बरं पडतं. तर सुरुवातीलाच तो शब्द घेतला तर?

मला ताईंची सवय ठाऊक होती. मोठ्या माणसानं, अधिकाऱ्यानं काही म्हटलं की मान लववून हो म्हणायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांची मान लवली. मी खुर्चीतून अर्धी उठले. आंटींनी माझी ओढणी धरून मला खाली ओढलं. ताईंनी मान वर केली.

"क्युबिझम मला येतो," त्या म्हणाल्या. "मी काढलाय. कप फोडतात. वरची बाजू, खालची बाजू, मागची बाजू, एकदम दाखवतात. त्या चित्रकाराला तुम्ही लहान मूल म्हणत नाही. मोठा चित्रकार म्हणता. पुस्तकात छापता. माझ्या देशातल्या चित्रकारानं पेटीच्या सगळ्या बाजू दाखवल्या. त्याच्या आधी. खूप आधी. तुम्ही म्हणता, त्याला येत नव्हतं." त्यांनी तर्जनी हलवली, अगदी माझ्यासारखी. "त्याला येत होतं. त्याला असंच पाहिजे होतं."

कडेची बाई "ओह" म्हणाली. गृहस्थांनी मान डोलावली, फार चांगला मुद्दा, म्हणाले, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं.

थोड्या वेळानं ते स्वतः बाहेर आले. ताईंचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. भाषा पुष्कळ सुधारली, तळमळ दिसते, पुढच्या महिन्यापासून या. आंटींनी टाळ्या वाजवल्या. मी ताईंना मिठी मारायला पुढे झाले, तेवढ्यात ते म्हणाले, "तेवढं शब्दाचं बघा. सगळे गाइड तोच वापरतात, तुम्हालाही वापरावा लागेल. एका शब्दाचा प्रश्न आहे."

ताईंनी विचारलं, "तो शब्द म्हटला तर मी गाइड. नाही म्हटला तर गाइड नाही. बरोबर?"

"मी तसं म्हणणार नाही," ते हसले. मग म्हणाले, "पण हो. साधारण तसंच."

"मग नाही," ताई म्हणाल्या. त्यांनी कमरेतून खाली वाकून नमस्कार केला, एरवी करायच्या त्याहून किती तरी खोल, आणि आत जाऊन चित्राची गुंडाळी करायला लागल्या.

संग्रहालयाच्या पायऱ्यांवर आंटींचा बांध फुटला. "आयो! वन वर्ड ओन्ली! त्यांच्यासमोर हो म्हणायचं, मग आत जाऊन तुला पाहिजे ते बोलायचं. कोण ऐकायला येतंय? सगळे असंच करतात!" खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. इतके महिने, बुधवारमागून बुधवार, इतके कप, आणि दार उघडलेलं असताना ही बाई मागे फिरली. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. मी म्हटलं, "ताई, पुन्हा विचार करा. अजून आत जाऊन सांगता येईल."

"टीचर, मी तो शब्द एकदा म्हटला, की मग रोज म्हणेन," ताई म्हणाल्या. "सवय होईल. मला माहीत आहे मी कशी आहे. पाठ झालं की माझ्या तोंडातून जात नाही."

ताईंचे डोळे लाल होते. त्या रडल्या नाहीत, पण नळकांडं त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. मला त्या गृहस्थांचा, त्यांच्या मऊ आवाजाचा, त्यांच्या मार्गदर्शिकेचा इतका राग आला की हात शिवशिवले. अजूनही येतो. तो गेला नाही आणि जाऊही नये.

स्टेशनवर आम्हा दोघींची गाडी वेगळी होती. बुकित बातोकला जायचं तर जुराँग ईस्टला जाऊन बदलायचं, तो जवळचा रस्ता. ताईंची गाडी उत्तरेची, सेम्बावांगची. पण उत्तरेची गाडी लागली तेव्हा मी ताईंच्या मागोमाग चढले, आणि बघते तर आंटीही चढल्या. उत्तरेकडून मोठा वळसा घालूनही बुकित बातोक येतं, फक्त वेळ लागतो. आंटी ताईंच्या दुसऱ्या बाजूला बसल्या आणि पर्स मांडीवर ठेवली. भर दुपार होती, डब्यात फारशी गर्दी नव्हती.

बिशान गेल्यावर आंटी एकदम म्हणाल्या, "मी अजून रागावलेली आहे. पण मला एक सांग. ती पेटी मागे मोठी का? मला आत काही कळलं नाही. तुम्ही फार भराभर बोलता."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग नळकांड्याचं झाकण काढलं. एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं, दुसरं आंटींच्या, आणि चित्र आम्हा तिघींच्या मांडीवर पसरलं. या वेळी त्यांनी गुड मॉर्निंगही म्हटलं नाही. डाळिंबापासूनच सुरुवात केली, कारण आंटींचं बोट त्यावर होतं. डाळिंबाचे दाणे म्हणजे खूप मुलं. चष्मा का, तर पुस्तकाचा मालक आत्ता उठून गेलाय, परत येईल. पेट्यांपाशी आल्यावर त्यांनी आंटींना डोकं खाली करून कागदाच्या खालच्या कडेच्या बाजूनं बघायला लावलं. इस्त्रीचा ब्लाउज घातलेल्या आंटी एमआरटीत वाकून चित्रात शिरल्या आणि म्हणाल्या, "आयो. ते मलाच बघतायत."

"येस," ताई म्हणाल्या. "लाइक दॅट ओन्ली."

समोर दांडा धरून एक काका उभे होते, चपला घातलेले, हातात भाजीची पिशवी. बराच वेळ ते चित्र उलट्या बाजूनं बघत होते. यिशुन जवळ आलं तसं त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि वाकून ताईंना विचारलं, "आंटी, यू म्युझियम गाइड, आह?"

आंटी काहीतरी सांगायला तोंड उघडणार होत्या. मी त्यांच्याकडे एकदाच बघितलं.

ताई बसल्या जागी ताठ झाल्या.

"येस," त्या म्हणाल्या. "आय ॲम गाइड."